चार मिनिटांची खडी

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आमच्या आवारात येतो आणि आम्ही त्यातली खडी परत मोकळी करतो. काँक्रीट म्हणजे दुसरं काय असतं? सिमेंटनं धरून ठेवलेली खडी आणि वाळू. नुसतं फोडलं तर खडीच्या अंगावर जुन्या सिमेंटची खपली तशीच राहते, आणि अशी खडी नव्या बांधकामात रडतखडत काम करते. म्हणून आमच्याकडे मायक्रोवेव्हची भट्टी आहे. घरात असतो तसलाच प्रकार, फक्त आत एखादी म्हैस आरामात बसेल एवढा. सिमेंटच्या पोटात जे पाणी वर्षानुवर्षं मुरून बसलेलं असतं, त्याला या लहरी बरोबर गाठतात. पाण्याची वाफ होते, वाफ वाट शोधते, आणि खडी नि सिमेंटच्या सांध्यात तडा जातो. तड, तड, तड. खपली उडते आणि आतून दगड निघतो, डोंगरातून पहिल्यांदा निघाला असेल तसा.

शेजारणी विचारतात, "त्यात उरलेलं जेवण गरम होतं का गं?" मी म्हणते, होतं की, पण मग ताट शोधत बसावं लागतं.

या भट्टीवर मी नऊ वर्षं आहे. आले तेव्हा पट्ट्यावरून सळईचे तुकडे वेचायचं काम होतं, कारण लोखंडाचा एक तुकडा जरी आत गेला तरी अशा ठिणग्या उडतात की भट्टीच्या आधी आपलंच काळीज फुटेल. भट्टी चालवायला मला कुणी शिकवलं नाही. दाराशी उभी राहून कान देत गेले, झालं. तडतड कधी सुरू होते, कधी भरात येते, कधी विरळ होते, ते प्रत्येक घाण्याला वहीत लिहून ठेवते. चांगल्या धुतलेल्या खडीचं काँक्रीट सुटायला दहा-अकरा मिनिटं घेतं. सिमेंट तिला सोडायला तयार नसतं, आणि का असावं?

त्या मंगळवारी सकाळी मात्र एक घाणा दीड मिनिटातच तडतडायला लागला आणि चार मिनिटांत गप्प झाला. मला वाटलं भट्टी बिघडली. दार उघडून ट्रे ओढला, तर उकडलेल्या अंड्याचं टरफल सुटावं तशा खपल्या सुटून बाजूला पडलेल्या. आणि दगड लाल. सगळे नाही, पण बरेचसे. अंगावर पातळ लाल थर, जणू कुणी गेरू फासलाय.

आमची इंजिनीअर पोरगी धावत आली. ती मला मावशी म्हणते आणि माझ्या वहीतले आकडे आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरते. चिमट्यानं एक दगड उचलून तिनं उलटापालटा केला.

"मावशी, ही माती आहे. दगडाला माती होती, न धुताच काँक्रीटमध्ये घातलेत. आता भट्टीत त्या मातीची वीट झाली." ती हसली. "इतक्या वर्षांचा मळ भाजून निघालाय बघा. कुठला माल हा?"

गाडी कुठल्या इमारतीच्या कुठल्या मजल्यावरून आली ते पाडणारे लोक फाळक्यावर खडूनं लिहून पाठवतात, तशी पद्धतच आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं. फाळक्यावर लिहिलं होतं: जुनं ग्रंथालय. गॅलरी.

मी तिथेच उलट्या घमेल्यावर बसले.

मी तशी विसरभोळी बाई आहे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण त्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरची एक दुपार माझ्या डोक्यातून रेसभरही हललेली नाही.

माझे बाबा मिस्त्री होते, आणि बावीस वर्षांपूर्वी ते ग्रंथालय त्यांनी बांधलं. वाचनालयाची मंडळी येण्याजाण्यासाठी वर एक लांब गॅलरी होती. उद्घाटनानंतर सातव्या महिन्यात तिचा अर्धा भाग कोसळला आणि खालून जाणाऱ्या ग्रंथपालबाईंच्या उजव्या हातावर पडला. हात राहिला, पण नुसता लटकण्यापुरता. कुणाची तरी चूक ठरवायची होती. काँक्रीटचा तुकडा नेऊन दाबून पाहिला, तो कच्चा निघाला. माल कालवणारा कोण? मिस्त्री. झालं. कंत्राटदारानं बाबांना पायऱ्यांवर उभं केलं आणि सगळ्या कामगारांसमोर, ग्रंथपालबाईंच्या घरच्या माणसांसमोर, एक कागद वाचायला लावला. 'माल कालवताना जी चूक झाली ती माझी आणि फक्त माझी.' बाबांचा आवाज बसला होता. तर हा खाली उभा राहून म्हणाला, "मोठ्यानं वाच. मागच्यांना ऐकू जात नाहीये."

मागच्यांत मी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून बाबांनी थापी हातात धरली नाही. आई त्या थापीनं कुंड्यांतली माती उकरायची. आई गेली, तेव्हापासून थापीही कुठे दिसली नाही.

कंत्राटदाराला सगळे परीटघडी म्हणतात. बांधकामावरसुद्धा त्याच्या शर्टावर कधी सुरकुती नाही, धुळीचा कण नाही. पडलेली अर्धी गॅलरी उचलून फेकली गेली, उरलेली अर्धी दाराला खिळे ठोकून बंद केली. आता पूर्ण इमारतच पाडून तिथे नवं ग्रंथालय उभं राहणार होतं, आणि तेही परीटघडीच बांधणार होता. वर 'जुन्याच दगडातून नवी वास्तू' असा मोठा फलक. फलकावर त्याचा फोटो. रोज कामावर येताना त्या फोटोकडे बघून मी असे काही शब्द बोलायचे की बसमध्ये शेजारची बाई जागा बदलायची.

त्या आठवड्यात मी गॅलरीच्या मालाचे आणखी सात घाणे लावले. सातही चार मिनिटांत सुटले, सातही लाल. तळमजल्याच्या मालाचे पाच लावले. अकरा, अकरा, दहा, अकरा, बारा. दगड निळेकाळे, स्वच्छ. खाण एकच, इमारत एकच, मिस्त्री एकच. फरक एवढाच की तळमजल्याची खडी धुतलेली होती आणि गॅलरीची नव्हती. सिमेंट चिकटणार कशाला? दगडाला नाही, मातीला चिकटलं होतं.

सोमवारी परीटघडी स्वतः आवारात आला. दगड परत वापरायचा तर आधी एक घाणा ग्रंथालयाच्या समितीसमोर काढून दाखवावा लागतो, आणि मालाच्या उगमाच्या पत्रकावर मूळ बांधणाऱ्याची, म्हणजे कंत्राटदाराची, सही लागते. ते सगळं गुरुवारी ठरलं होतं.

"ताई," तो मला म्हणाला. अर्थातच ओळखलं नाही, त्या दुपारी त्याचं मागच्यांकडे लक्ष कुठे होतं? "गुरुवारी तळमजल्याचाच माल लावा हं. तो गॅलरीचा ढीग जरा मागे ढकला. दिसायला बरा नाही."

"का हो साहेब, दिसायला काय झालं?"

"फोटो काढायचेत." आणि बाहीवरची नसलेली धूळ झटकत तो गेला.

म्हणजे त्याला माहीत होतं! बावीस वर्षं माहीत होतं! आणि आता माझ्या बापानं धुतलेली खडी हातात धरून तो फोटो काढणार होता. मी शांतपणे ढीग मागे ढकलला. फार मागे नाही.

संध्याकाळी घरी जाताना एक लाल दगड पदराच्या गाठीत बांधून नेला. बाबा खिडकीशी बसून रेडिओ दुरुस्त करत होते. त्यांचा रेडिओ कधी दुरुस्त होत नाही, पण ते कधी थांबतही नाहीत.

"बाबा, हे बघा काय आणलंय."

त्यांनी दगड घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि माझ्या लहानपणापासून पाहत आलेय तसं केलं. दगड जिभेला लावला. ते त्यांचं जुनं माप होतं. दगडाला माती असेल तर जीभ धरतो, स्वच्छ असेल तर सोडतो. कामावर गाडी खाली झाली की वेगवेगळ्या जागचे पाच-सहा दगड चाटून बघितल्याशिवाय ते मिक्सर सुरू करू देत नसत. आई म्हणायची, घरी जेवायला बोलावलं तर नाही येत, तिकडे दगड चाटत बसतात.

आज त्यांनी दगड जिभेवरून काढला आणि कितीतरी वेळ हातातच धरून बसले.

"गॅलरीचा आहे," ते म्हणाले.

"हो! बघितलंत? माती! तुमचं कालवणं नाही, पाणी नाही, सिमेंट नाही. खडीच धुतली नव्हती. गुरुवारी सगळ्यांसमोर काढते मी. त्याचा तो शर्ट कसा उतरतो बघा तुम्ही!"

"तू नको काढूस."

"का?"

"कारण तेव्हाही मी चाटली होती."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी सकाळी," बाबा म्हणाले. "धुवायला पाणी नव्हतं, त्यानं टाकीचं पाणी दुसऱ्या कामावर वळवलं होतं. मी चाटून बघितली. धरली. त्याच्याकडे गेलो, म्हटलं चाटून बघितली, जीभ धरते, आज ओतायला नको. तो म्हणाला, चारला मंडळी स्लॅब बघायला येणारेत, खडीला काय आंघोळ घालत बसतोस? मी परत आलो. मिक्सर चालू होता. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. थापी खाली ठेवायची, एवढंच करायचं होतं. नाही ठेवली."

"तुम्हाला त्यानं भाग पाडलं."

"हात धरून नाही ओतवलं गं. मीच म्हटलं, ओता."

"मग बावीस वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याच्यावर एवढी मनापासून चिडायचीस," ते म्हणाले. "मला बरं वाटायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेली परत घासली. एवढा जपलेला, रोज पाणी घातलेला राग, आणि त्याच्या मुळाशी माझा बाप निघावा? गुरुवारी गॅलरीचा माल लावला तर परीटघडी म्हणणार, मिस्त्रीनंच न धुता ओतली. आणि ते खोटं नव्हतं. नाही लावला तर त्याचा फोटो फलकावरून थेट नव्या भिंतीवर जाणार.

रात्रभर झोप लागली असं म्हणवत नाही. मंगळवार, बुधवार कसेबसे ढकलले. गुरुवारी सकाळी डबा भरून बाहेर आले, तर बाबा दाराशी चपला घालून उभे. पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"कुठे निघालात?"

"तुझ्याबरोबर. माझं मी बोलतो. तू फक्त भट्टी चालव."

अकराच्या सुमाराला समिती आली. पाच जणं, पुढे ग्रंथपालबाई. आता निवृत्त झाल्यात, पण समितीच्या अध्यक्ष त्याच. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला, डाव्या हातात वही. मागून परीटघडी, सोबत फोटोवाला. शर्ट असा पांढरा की डोळे दिपावेत. बाबा भट्टीपासून लांब, माझ्या स्टुलावर बसले होते.

"हे कोण?" परीटघडीनं विचारलं.

"माझे वडील."

"वा, वा. आजोबा, बसा आरामात."

आजोबा आरामात बसले.

पहिला घाणा तळमजल्याचा लावला. अकरा मिनिटं सगळे घड्याळ बघत उभे. तडतड ऐकून समितीतल्या एका बाईंनी दुसऱ्याचा हात धरला. ट्रे बाहेर आला, खपल्या झटकल्या, खाली निळेकाळे दगड. टाळ्या पडल्या. परीटघडी दगड उचलायला पुढे झाला आणि पटकन हात मागे घेतला.

"गरम आहे, साहेब," मी म्हटलं. "हे घ्या, कालचे गार झालेले आहेत. फोटो काढा." त्यानं माझ्या बापाचे दगड ओंजळीत धरून दोन फोटो काढले. मी काढू दिले.

"छान. तर मंडळी, आता चहा—"

"अजून एक घाणा आहे," मी म्हणाले.

"ताई, आता वेळ झाला."

"मला वेळ आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

मी ट्रे पुढे ओढला. इंजिनीअर पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, हा गॅलरीचा ट्रे आहे."

"माहितीये."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग परीटघडीकडे, आणि बटण स्वतःच दाबलं.

चार मिनिटं. समितीला वाटलं अजून सुरूच व्हायचंय, तोवर संपलंसुद्धा. ट्रे बाहेर आला. लाल दगड बघून सगळे पुढे वाकले. पोरीनं समजावून सांगितलं, माती, न धुणं, विटेसारखं भाजणं.

परीटघडी हसला. "अहो, भट्टीत घातल्यावर कुठलाही दगड लाल होणारच."

"मग तळमजल्याचा का नाही झाला, सर?" पोरगी म्हणाली. "खाण तीच, भट्टी हीच."

तेव्हा बाबा उठले. चालत ट्रेपाशी आले.

"बाई," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले, "मी तो मिस्त्री."

"ओळखलं मी. आल्या आल्याच."

"ही खडी मी ओतली. माती आहे हे मला माहीत होतं. यांना जाऊन सांगितलं. हे म्हणाले, ओत. मी ओतली. पायऱ्यांवर मी वाचलं की चूक फक्त माझी. ते खोटं वाचलं. अर्धी माझी आहे. ती मी आज परत वाचायला आलोय. उरलेली अर्धी मी बावीस वर्षं सांभाळली, आता ज्याची त्यानं न्यावी."

"काहीतरी काय बोलताय!" परीटघडीचा आवाज चढला. "हा माणूस मला काही सांगायला आलाच नव्हता. मिस्त्रीनं खडी धुतली नाही, त्याचं खापर माझ्यावर? आणि मी काय याच्या दगड चाटण्यावरून अख्खं काम थांबवायचं होतं?"

ग्रंथपालबाईंनी वहीतून मान वर केली.

"चाटण्यावरून?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "चाटण्याचं तर अजून कुणीच बोललं नाही. तुम्हाला सांगायला आले नव्हते, मग तुम्हाला कसं ठाऊक त्यांनी दगड चाटला ते?"

परीटघडीचं तोंड उघडं राहिलं. मी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. पाणी प्यायला मिळावं तसं बघितलं.

"कसं असतं ते?" बाईंनी बाबांना विचारलं. बाबांनी घमेल्यातले दोन गार दगड उचलले, एक निळा, एक लाल. जिभेला लावायचा, थोडा थांबायचा, ओढायचा, एवढंच सांगितलं. बाईंनी वही फोटोवाल्याच्या हातात दिली आणि डाव्या हातानं निळा दगड जिभेला लावला. सुटला. मग लाल लावला. ओढताना जीभ जराशी पुढे आली.

"धरतो," त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी तोच लाल दगड परीटघडीपुढे धरला. "आता तुम्ही."

"बाई, हा काय पोरखेळ—"

"तुम्हाला नवं ग्रंथालय बांधायचंय ना? मला बघू दे, तुम्हाला दगड कळतो का."

फोटोवाला बिचारा कॅमेरा खाली करायचा विसरला होता. पाच जणांच्या समितीसमोर, आमच्या वेचणाऱ्या बायकांसमोर, पट्ट्यावरच्या पुरुषांसमोर, परीटघडीनं जीभ बाहेर काढली. दगडानं ती धरली. त्यानं घाईघाईत ओढून काढला आणि ओठ पुसला, तर पांढऱ्या बाहीवर विटेच्या रंगाचा एक फराटा उठला. झटकला, तसा आणखी पसरला.

उगमाचं पत्रक माझ्या हातात होतं. 'मूळ बांधकामातील दोष' या रकान्यात मी बुधवारीच लिहून ठेवलं होतं: गॅलरीची खडी न धुता वापरली. बांधणाऱ्यास आणि मिस्त्रीस, दोघांस माहीत होते. 'मिस्त्रीस' आणि 'दोघांस' हे शब्द लिहायला मला अर्धा दिवस लागला होता.

बाईंनी ते वाचलं. "सही करायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवा," त्या त्याला म्हणाल्या. "नाहीतर हा दगड आणि हे काम, दोन्ही दुसरीकडे जातील."

तो वाचायला लागला. अगदी पुटपुटत.

बावीस वर्षं मनात म्हणून म्हणून एक वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की सरळ बाहेर पडलं.

"मोठ्यानं वाचा, साहेब. मागच्यांना ऐकू जात नाहीये."

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आत्ता कुठे ओळखलं. मग बाबांकडे. मग मोठ्यानं वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि सही केली.

सगळे पांगल्यावर बाई बाबांपाशी थांबल्या.

"तुमचं माझं निराळं आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते असं चार मिनिटांत सुटणार नाही."

"नाही, बाई."

"चला, तेवढं तरी तुम्हाला कळतं." आणि वही घेऊन त्या निघून गेल्या. बाबा त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मी ट्रे पुसायला घेतला. तिथे माझं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मला हलकं वाटलं का? लोक विचारतात. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. परीटघडीची ती जीभ मी अजून अधूनमधून आठवते. भांडी घासताना आठवली तर एकटीच हसते.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर आम्ही गेटपाशी बसची वाट बघत होतो. बाबांच्या खिशात एक निळा दगड होता, माझ्या नकळत उचललेला. खिसा खाली ओढला गेला होता.

"तळमजल्याचा," ते म्हणाले. "किती मिनिटं म्हणालीस?"

"अकरा."

"सगळ्या घाण्यांना?"

"एकाला दहा. आणि एकाला बारा."

"बारा," बाबा म्हणाले. बस आली, मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. पायरी चढून एकटेच वर गेले.